हाकदोंगवालीची टेप

सोमवारी सकाळी यॉम दलसूच्या ओसरीवर मी सामान मांडलं आणि वहीत लिहून घेतलं. रिळांचं रेकॉर्डिंग यंत्र एक, वजन सात किलो. मायक्रोफोन दोन, एकाच्या वायरला चिकटपट्टी. कॅसेट वाजवायचा छोटा प्लेयर एक. कोरी रिळं सहा. भरलेली कॅसेट एक. मोठे सेल बारा: आठ कागदात गुंडाळलेले नवे, चार प्लेयरमधले वापरलेले. सेल मोजायचा मीटर. थर्मामीटर.

ओसरीसमोरच्या तरव्यात भाताची रोपं सत्तेचाळीस दिवसांची झाली होती. पंचेचाळीसच्या आत ती रोवायची असतात. दलसूची खाचरं चार. चारही कोरडी. सगळ्यात रुंद भेगेत माझी पेन्सिल खोडरबरापर्यंत आत गेली.

१९८९चा जून होता. सोलच्या संस्थेनं दक्षिण कोरियातल्या जॉल्ला प्रांतातली गाणी गोळा करायला जी माणसं नेमली होती त्यांत मी होतो. मी पदार्थविज्ञान शिकलेला. माझं गाव त्याच खोऱ्यात, दोन टेकड्या पलीकडे, म्हणून हा भाग मला मिळाला. यादीत एक जागा रिकामी होती: हातरोवणीचं गाणं. खोऱ्यात सगळ्यांनी रोवणीची यंत्रं घेतली होती. यंत्राला ट्रेमधली आखूड रोपं लागतात. जुन्या पद्धतीचा तरवा फक्त दलसूनं टाकला होता, कारण त्याची खाचरं उतारावर होती आणि यंत्र तिथे वळत नव्हतं.

"नुसतं म्हणून दाखवा ना दादा, इथेच, ओसरीवर," मी म्हणालो.

"पाय चिखलात गेल्याशिवाय ते तोंडात येत नाही," दलसू म्हणाला. तो एकाहत्तर वर्षांचा होता. तरव्यात उकिडवा बसून रोपं उपटत होता, मुळांची माती पिंडरीवर आपटून झाडत होता. "गुरुवारी माझी पाण्याची पाळी आहे. नऊ ते अकरा. तेव्हा ये तुझं डबडं घेऊन."

"पाळी चुकली तर?"

"तर पुढची सहा दिवसांनी. तोवर ही रोपं बैलाला घालायची."

त्याची बायको त्याच्या शेजारी होती. ती हाकदोंग गावची, म्हणून सगळे तिला हाकदोंगवाली म्हणत. मी तिचं दुसरं नाव ऐकलं नव्हतं. ती दलसूपेक्षा वेगानं उपटत होती. मी मोजलं, त्याच्या दोन जुड्या बांधून होईपर्यंत तिच्या तीन होत. मान वर न करता तिनं विचारलं, "मास्तर, माझं मरण आणलंस का?"

"आणलंय आजी."

ज्यानं गाणं दिलं त्याच्या घरी एक प्रत द्यायची, असा संस्थेचा नियम होता. ती भरलेली कॅसेट म्हणजे ती प्रत. मागच्या नोव्हेंबरात याच अंगणात आम्ही दलसूचं तिरडीचं गाणं घेतलं होतं. आमच्याकडे तिरडी खांद्यावर निघाली की पुढे घंटा घेतलेला एक जण ओळ टाकतो, खांदेकरी पालुपद झेलतात, आणि त्या तालावरच पावलं पडतात. खोऱ्यात ओळी टाकणारा दलसू एकटाच उरला होता. पण गावात कोणी मेलेलं नसताना हे गाणं अंगणात म्हणत नाहीत. नाव नसलेली हाक मारली तर ती स्वतः माणूस शोधत फिरते, असं मानतात. म्हणजे कोणाचं तरी नाव घालणं भाग होतं. माणसांनी बराच वेळ घातला. बैलाचं घाला म्हणाले, तर दलसू म्हणाला, नांगरट व्हायचीय. तिरडीवाल्यांचा मुकादम मानबोक म्हणाला, तहसिलातल्या कारकुनाचं घाला. सगळे हसले. तेव्हा स्वयंपाकघरातून हाकदोंगवाली ओरडली, "माझंच घाला! मी कुठं चाललेय?"

दलसूनं तिचं नाव घातलं. चौदा मिनिटं गायला. तीन मिनिटं आणि दहा सेकंदांवर तिचा आवाज टेपेवर आलाय: "अहो, मी मेलेय ना? मग आज जेवायला कोण वाढणार? उठा आता!" त्यावर माणसांचं हसणं, मग पुन्हा गाणं. प्राध्यापकांनी तो भाग कापायला सांगितलं होतं. संस्थेच्या प्रतीतून मी कापला. घरच्या प्रतीत राहू दिला.

दुपारी जेवण झाल्यावर तिनं कॅसेट लावायला लावली. हात पुसून ओसरीच्या कडेवर बसली. आपला आवाज आला तेव्हा तिनं दलसूच्या गुडघ्यावर चापट मारली.

"कावळ्यासारखी ओरडतेय की हो मी."

"चाळीस वर्षं तेच सांगतोय," दलसू म्हणाला.

तिनं ती पुन्हा लावायला सांगितली. मग तिसऱ्यांदा.

मंगळवारी सकाळी सव्वानऊला ती तरव्यात पुढे कलंडली. दलसूला वाटलं, पडलेली जुडी उचलायला वाकली आहे. तिच्या हातात रोपं होती. आम्ही तिला दाराच्या फळीवर घालून ओसरीवर आणलं. डॉक्टर अकरा वाजता आला. तोवर नखं निळी पडली होती. ती सदुसष्ट वर्षांची होती.

दलसूनं तिच्या मुठीतली रोपं सोडवली, मोजल्यासारखी हातात धरली आणि गवताच्या काडीनं बांधून बाकीच्या जुड्यांत ठेवली.

तिचा मुलगा गिलसॉप बुधवारी सकाळी इंचॉनहून आला. तो तिथे काचेच्या कारखान्यात होता. आल्या आल्या त्यानं तागाचे सुतकी कपडे घातले, कमरेला गवताचा दोर बांधला आणि बांबूची काठी धरून मोठ्यानं रडला. मग बाहेर येऊन त्यानं सिगारेट पेटवली.

"उद्या काढायची ना? ट्रक सांगू का?"

"ट्रक पुलापर्यंत जाईल," मानबोक म्हणाला. "पुढं तुझी आई काय चालत जाणार?"

"खांदेकरी किती आहेत?"

मानबोकनं बोटांवर मोजलं. बारा लागतात. यंदा गावात मुकादम सोडून तिरडी उचलू शकणारे पुरुष अकरा, त्यांतला एक दलसू, तो घरचा म्हणून धरायचा नाही. दोघांच्या कमरा गेलेल्या, पण ते उचलतो म्हणाले. मी नंतर वयं विचारून घेतली. दहा जणांची सरासरी त्रेसष्ट.

"मास्तर धरून अकरा," मानबोक म्हणाला.

"मला यंत्र सांभाळायचंय," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुझा खांदा कशाला आहे रे? पट्टा अडकवायला?"

मी वायर गुंडाळत राहिलो.

खरा प्रश्न वेगळा होता, तो सगळ्यांना माहीत होता आणि कोणी काढत नव्हतं. शेवटी गिलसॉपनंच काढला. "ओळी कोण टाकणार?"

दलसू तरव्यात होता. घरात मढं असताना तो रोपं उपटतोय म्हणून शेजारच्या बाया कुजबुजत होत्या. ज्याच्या घरचं माणूस गेलं तो ओळी टाकत नाही. शिवाय आमच्याकडे नवरा बायकोच्या तिरडीमागून डोंगरावर जातच नाही. वेशीवरच्या झाडापाशी थांबतो आणि मागे फिरतो.

"मी टाकतो," मानबोक म्हणाला. "पन्नास वर्षं ऐकतोय."

दुपारी तालीम झाली. गावची तिरडी ठेवायच्या खोपटातून तिचा सांगाडा आणला, बांबू बांधले, कागदी फुलं लावली. दहा जणांनी रिकामी तिरडी उचलली. मानबोकनं घंटा हलवली, दोन ओळी टाकल्या. तिसरी आठवेना. त्यानं पहिली पुन्हा टाकली, पण घंटेच्या आधी. पुढच्यांचा डावा पाय पडला, मागच्यांचा उजवा. तिरडी एका बाजूला लवंडली आणि फुलांची एक रांग चिखलात गेली. चिखल नव्हता खरं तर. धूळ होती.

"उतारावर असं झालं तर आई खाली येईल," गिलसॉप म्हणाला.

मानबोकनं घंटा ओसरीवर ठेवली. "दहा जण झेलू शकतो. टाकता एकालाही येत नाही. हे पालुपदच तेवढं आहे आमच्याकडे, आंधळ्याच्या काठीसारखं."

मग तो माझ्या प्लेयरकडे पाहू लागला.

गंगाळापाशी भांडी घासणारी शेजारीण म्हणाली, "त्याच टेपेनं नेली तिला. नाव घालून बोलावलं, ती गेली. आता त्याच टेपेनं वरही न्या."

"गप गं," मानबोक म्हणाला. पण त्याचा आवाज खाली होता.

गिलसॉप तरव्यापाशी गेला. मी त्याच्या मागे. "आबा, तुमची टेप लावायची म्हणतात."

दलसूनं मूठभर रोपं पिंडरीवर आपटली. एकदा, दोनदा. "लावा."

"त्यात आईचा आवाज आहे म्हणे. मास्तर तो कापून देईल."

"कापू नको," दलसू माझ्याकडे न पाहता म्हणाला. "तिला अर्धीमुर्धी नको पाठवू." थोड्या वेळानं म्हणाला, "जुड्या किती झाल्या बघ रे मास्तर. तुला मोजायची हौस आहे."

मी मोजल्या. सहाशे आठ.

टेपवर तालीम संध्याकाळपर्यंत चालली. नोव्हेंबरात दलसू बसून गायला होता, त्यामुळे ताल चालण्यापेक्षा थोडा जलद होता: मिनिटाला शेहेचाळीस पावलं. म्हातारे धापा टाकत, पण पाय बरोबर पडत. गाणं संपलं की तिरडी जागेवर धरून पालुपद घोळवायचं, मी टेप मागे फिरवायची, पुन्हा लावायची. वायर ओसरीपासून अंगणाबाहेर पोचत नव्हती, म्हणून सगळं सेलवर. एक तास चाळीस मिनिटं.

नंतर मी प्लेयरचे चार सेल मीटरवर लावले. नवा सेल दीड व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. हे १.१४, १.१२, १.१२, १.०९. माझ्याकडे आठ नवे होते. रेकॉर्डिंग यंत्राला आठ लागतात. खऱ्या मयतीतलं तिरडीचं गाणं, चालताना, संस्थेकडे एकही नव्हतं. बाजार अकरा किलोमीटरवर आणि शेवटची बस सहाला. तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मी आठही सेल रेकॉर्डिंग यंत्रात घातले. प्लेयर एक तास चालेल असं धरलं. वहीत 'पुरेल' असं लिहिलं.

गुरुवारी साडेआठला तिला बाहेर काढली. उंबऱ्यावर वाळक्या भोपळ्याचा कटोरा पालथा ठेवला होता. तिरडीवर चढवायच्या शवपेटीच्या पायाकडच्या टोकानं तो दाबून फोडला. एकदम फुटला नाही, दुसऱ्यांदा दाबावं लागलं. खांदेकऱ्यांनी डोक्याला पांढरी फडकी बांधली. एक जण उंच होता, त्याच्या बाजूच्या दोराला गाठ मारून तो आखूड केला. मानबोकनं एका हातात घंटा घेतली, दुसऱ्या हातात प्लेयर छातीशी धरला. मी मागे, सात किलोचं यंत्र गळ्यात, मायक्रोफोन काठीला बांधलेला. सुई हलत होती. हवेचं तापमान अठ्ठावीस. वारा नाही.

घरापासून थडग्याच्या जागेपर्यंत मी पावलांनी रस्ता मोजून ठेवला होता: सहाशे वीस मीटर. पुलापर्यंत सपाट, पुढे चढ. पुलानंतर तिरडी जमिनीला लावत नाहीत.

"चला," मानबोक म्हणाला आणि कळ दाबली.

नोव्हेंबरमधला दलसू म्हणाला की हाकदोंगवाली निघाली, चूल कोणाच्या हवाली करून निघाली. दहा जणांनी झेललं. पाय पडले. दलसू स्वतः दारात उभा होता. तो वेशीच्या झाडापर्यंत आला आणि तिथे थांबला. मग त्यानं झाडाला टेकवलेलं फावडं उचललं आणि खाचरांच्या बाजूला वळला. नऊ वाजायला पाच मिनिटं होती.

तीन मिनिटं दहा सेकंदांनी ती बोलली. "अहो, मी मेलेय ना? मग आज जेवायला कोण वाढणार? उठा आता!"

नोव्हेंबरमधली माणसं हसली. तीच माणसं खांदा देत होती. एका म्हाताऱ्याचं फडकं डोळ्यांवर घसरलं, त्याला हात मोकळा नव्हता. गिलसॉप काठीवर वाकून मागून चालत होता. तो म्हणाला, "वाढलं गं आई, वाढलं." बस, एवढंच.

पहिल्या वेळी गाणं पुलावर संपलं. पालुपद घोळवत ते उभे राहिले, मानबोकनं टेप मागे फिरवली. फिरायला त्रेपन्न सेकंद लागली. आदल्या दिवशी बत्तीस लागत होती. मी घड्याळ पाहिलं आणि मायक्रोफोनची काठी पुन्हा सरळ धरली.

दुसऱ्या वेळी चढ सुरू झाला होता. ताल मिनिटाला बेचाळीस. म्हाताऱ्यांना ते सोपं गेलं. एक जण म्हणाला, "दादाला कळतंय चढ लागलाय ते." हाकदोंगवाली पुन्हा बोलली, आवाज घोगरा, सर्दी झाल्यासारखा. गाणं संपेस्तोवर ताल सदतीसवर आला होता.

तिसऱ्या वेळी टेप मागे फिरायला जवळजवळ दोन मिनिटं लागली. खाली खाचरांत दलसू मोरी उघडताना दिसत होता. फावडं चमकलं, मग पाण्याची रेघ चमकली. गाणं लागलं ते एकोणतीसवर. तो आता दलसूचा आवाज नव्हता. आधी फार म्हाताऱ्या माणसाचा झाला, मग बैलाचा. खांदेकरी त्याच्यामागे हळू होत गेले. एक पाय उचलला की तो टेकवायची परवानगी येत नव्हती. दोर ताणून मानेत रुतले. एकाची पिंडरी थरथरायला लागली. मी मायक्रोफोन खाली केला, त्याच्या पायाखालचे खडे वाजत होते. मग ती बोलली. शब्द ओळखू येत होते, कारण आम्हाला ते पाठ होते. बाईचा आवाज त्यात राहिला नव्हता. 'उठा' आलं. 'आता' आलं नाही.

मानबोकनं कळ दाबली, पुन्हा दाबली, प्लेयर झटकला.

"मेला," तो म्हणाला. मग जीभ चावली.

अजून एकशे वीस मीटर होते. चढ तिथे सगळ्यात जास्त.

"टेकवू नका," गिलसॉप म्हणाला. "काही झालं तरी टेकवू नका."

"कोण टेकवतंय? पण पाय कुठं टाकू?" पुढचा म्हातारा म्हणाला. "मुकादम, घंटा तरी हलव."

मानबोकनं घंटा हलवली. दोन पाय पुढे पडले, तीन जागीच राहिले. तिरडी डावीकडे झुकली. गिलसॉपनं काठी टाकून बांबूला हात लावला.

मानबोक माझ्याकडे वळला. "मास्तर. त्या मोठ्या डबड्यात सेल आहेत ना?"

"आहेत."

"किती?"

"आठ."

"माझ्या ह्याला किती लागतात?"

"चार."

तो प्लेयर माझ्यापुढे धरून उभा राहिला. मी यंत्राच्या झाकणावर हात ठेवला. दोन खिट्ट्या असतात. एक उघडली. रिळं फिरत होती. ही शांतता टेपेवर आहे: एकेचाळीस सेकंद. त्यात श्वास आहेत, एका दोराची करकर आहे, कोणीतरी थुंकल्याचा आवाज आहे. दुसरी खिट्टी उघडल्याचा आवाज नाही.

मग खालून आवाज आला.

दलसू खाचरात उभा होता, पाणी पिंडरीपर्यंत नसावं, घोट्यापर्यंत असेल. त्याच्या हातात जुडी होती. तोंड डोंगराकडे नव्हतं. तो वाकलेला होता, आणि आवाज चिखलावरून येत होता. तिरडीचं गाणं नव्हतं ते. रोवणीचं होतं. पाणी आलं, रेघ सोडू नका, शेजारणीच्या हाताला हात लावून रोवा, अशी ओळ. आपल्या खाचरात आपलं पाणी आल्यावर रोवणीचं गाणं म्हणायला कोणाची मनाई नाही.

पहिली ओळ संपली. वर कोणी झेलली नाही. रोवणीच्या गाण्याचं पालुपद वेगळं असतं.

"घ्या," मानबोक म्हणाला.

"कुठलं? त्याचं की आपलं?"

"जे तोंडात आहे ते घ्या रे!"

त्यांनी तिरडीचं पालुपद झेललं. सहा जणांनी. पुढच्या ओळीला दहाही जणांनी. मोठ्यानं, खाली पोचेल एवढ्या मोठ्यानं. मग थांबले. ओळ यायला उशीर लागत होता. तेवढा वेळ एक पाय वर धरायचा, आणि ओळ आली की टेकवायचा. तसेच ते चढले. दलसू एकेक रोप रोवत मागे सरकत होता, जसं हातरोवणीत सरकतात. त्यानं एकदाही मान वर केलेली मला दिसली नाही.

एकशे वीस मीटरला बावीस मिनिटं लागली. तिला ठेवली, माती लोटली, पायांनी तुडवून घट्ट केली. मी एक खिट्टी उघडी असलेलं यंत्र गळ्यात घेऊन खाली आलो. पावणेअकराला दलसूच्या दोन खाचरांत पाणी होतं आणि एकात सात रांगा होत्या.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"झालं."

"टेप चांगली वाजली?"

"वाजली," मी म्हणालो.

त्यानं जुडी सोडली. "तुझं रोवणीचं राहिलं. ये उद्या."

उद्या पाणी नव्हतं. मी गेलो नाही.

संस्थेत रीळ दिल्यावर प्राध्यापकांनी दोनदा ऐकलं आणि विचारलं, नोंद कशाखाली करायची, तिरडी की रोवणी. आणि ओळ इतकी उशिरा का येते, गायक विसरत होता का. मी रीळ परत मागून घेतलं आणि घड्याळ लावून मोजलं. अंगणातल्या टेपेवर पालुपद संपल्यापासून दलसूची पुढची ओळ सुरू होईपर्यंत सरासरी ०.४ सेकंद जातात. डोंगरावरच्या टेपेवर पहिल्या पालुपदानंतर १.९ आणि शेवटच्या ओळीआधी २.३. त्यातून ०.४ वजा केले की पालुपद खाली जायला आणि ओळ वर यायला लागलेला वेळ उरतो; त्याचा निम्मा एका बाजूचा. अठ्ठावीस अंशांवर ध्वनी सेकंदाला ३४८ मीटर जातो. नोंदीच्या रकान्यात मी लिहिलं:

गायक आणि तिरडी यांतलं अंतर. सुरुवातीला २६१ मीटर. शेवटी ३३१ मीटर.